वेदनेचे दार शोधणारा शास्त्रज्ञ

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जेथून सुरू होतो, त्या कळंबोलीची ओळख म्हणजे लोखंड-पोलाद बाजार आणि ट्रकच्या रांगा. लोखंडी पत्रे आणि सळयांची चढउतार करणारे माथाडी कामगार येथे आहेत, घाटातून रात्रंदिवस ये-जा करणारे चालक आहेत आणि सिडकोच्या इमारतींमधून रोज मुंबई गाठणारे नोकरदारही आहेत. या सर्वांची एक तक्रार मात्र सामाईक असते. ती म्हणजे कंबर. मणक्यांमधील गादी सरकते, नस दबते, कळ मांडीतून थेट पोटरीपर्यंत उतरते. गोळ्या, शेक, कमरपट्टा हे सारे करून झाले की काहींवर पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उठवून बसविण्याचा आणि चालविण्याचा टप्पा येतो. तेव्हा अनेक ठिकाणी फिजिओथेरपिस्ट मोबाइल फोनएवढे एक यंत्र घेऊन येतात. त्याच्या वायरींना जोडलेल्या चिकट पट्ट्या जखमेच्या दोन्ही बाजूंना लावल्या जातात. बटण फिरविले की त्वचेखाली मुंग्या येऊ लागतात आणि दुखण्याची धार थोडी बोथट होते. रुग्णांच्या भाषेत यालाच करंट लावणे म्हणतात. वैद्यकशास्त्रात या उपचाराचे नाव ट्रान्सक्युटेनिअस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन, अर्थात टेन्स. त्वचेवरून सौम्य वीज देऊन मज्जातंतूंना चेतविण्याची ही पद्धत आहे.

या लहानशा यंत्रामागे एका माणसाचे आयुष्य उभे आहे. पॅट्रिक डेव्हिड वॉल हे त्यांचे नाव. वेदनेच्या अभ्यासकांमध्ये जगभर आदराने घेतले जाणारे हे नाव ज्यांना या यंत्राचा आधार मिळाला, त्यांच्यापर्यंत मात्र फारसे पोहोचलेले नाही.

एप्रिल १९२५ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे वॉल यांचा जन्म झाला. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता. विद्यार्थिदशेतच त्यांचे लक्ष वेदनेच्या प्रश्नाकडे वळले. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे पहिले दोन शोधनिबंध नामवंत नियतकालिकांतून प्रसिद्धही झाले. १९४८ साली ते डॉक्टर झाले. परंतु दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळेची वाट धरली.

त्या काळी वेदनेविषयी जे शिकविले जात होते, त्याचा पाया तीनशे वर्षे जुना होता. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांच्या मृत्यूनंतर १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेदनेची तुलना देवळातील घंटेशी करता येईल अशा एका यंत्रणेशी केलेली होती. पायाला चटका बसला की एक दोरी ओढली जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मेंदूत घंटा वाजते, असा तो विचार. दोरी जितक्या जोराने ओढली जाईल तितकी घंटा मोठ्याने वाजणार, म्हणजेच जखम जेवढी मोठी तेवढे दुखणे मोठे. हा हिशेब इतका सरळ होता की पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटले नाही.

या हिशेबाचा फटका बसे तो रुग्णांना. जखम भरली, हाड जुळले, तपासणीत काही सापडत नाही, आणि तरीही रुग्ण दुखते म्हणतो, अशा वेळी दोष रुग्णाच्या माथी मारला जाई. तो कांगावा करतो किंवा त्याच्या मनाचाच हा खेळ आहे, असा निष्कर्ष काढून डॉक्टर मोकळे होत. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही ज्यांचे दुखणे थांबले नाही, अशा रुग्णांच्या वाट्याला हा अनुभव विशेष आला. घरच्यांनाही वाटे, आता तर ऑपरेशन झाले, मग अजून का कण्हतो? वॉल यांनी पुढील अर्धशतक ज्याच्याशी झुंज दिली तो हाच अविश्वास होता.

१९४८ मध्ये वॉल अमेरिकेला गेले. येल, शिकागो आणि हार्वर्ड या विद्यापीठांत काही वर्षे अध्यापन केल्यानंतर ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, येथे स्थिरावले. तेथील इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत वॉरन मॅक्युलॉक, वॉल्टर पिट्स आणि जेरोम लेटविन यांच्यासारखे बुद्धिमान सहकारी त्यांना लाभले. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याकडे संदेशांची देवाणघेवाण करणारी यंत्रणा म्हणून पाहण्याचा विचार तेथे जोरात होता. वॉल यांनी प्राण्यांच्या मज्जारज्जूतील एकेका पेशीत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून तिचे संदेश ऐकण्यास सुरुवात केली. पुस्तकाप्रमाणे वेदनेची पेशी केवळ इजेला प्रतिसाद देणारी असायला हवी होती. प्रत्यक्षात अनेक पेशी हलक्या स्पर्शालाही प्रतिसाद देत होत्या आणि इजेलाही. शिवाय त्यांचा प्रतिसाद प्रत्येक वेळी सारखा नसे. दोरी आणि घंटेच्या हिशेबात हे बसत नव्हते.

त्याच सुमारास शल्यविशारदांचा अनुभवही त्या हिशेबाला छेद देत होता. वेदना वाहून नेणारा मार्ग तोडला की वेदना संपेल, या समजुतीने असह्य दुखणे असलेल्या रुग्णांचे मज्जातंतू, त्यांची मुळे, प्रसंगी मज्जारज्जूतील मार्गही कापले जात. काही काळ आराम पडे. परंतु अनेकांची वेदना काही महिन्यांनी परत येई आणि कधीकधी पूर्वीपेक्षा भयंकर रूप धारण करी. तारा तोडूनही घंटा वाजत राहत होती.

१९५९ साली एमआयटीमध्ये वॉल यांची रोनाल्ड मेलझॅक यांच्याशी गाठ पडली. मेलझॅक हे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी पिल्लूपणापासून एकांतात वाढविलेल्या कुत्र्यांचा अभ्यास केला होता. त्या कुत्र्यांना इजेला नीट प्रतिसादच देता येत नसे. पुढे त्यांनी हात वा पाय कापला गेलेल्या रुग्णांना जवळून पाहिले. नसलेल्या पायाच्या बोटांत या रुग्णांना प्रचंड वेदना होत. वेदना केवळ अवयवात नसते, हे मेलझॅक यांना रुग्णांनी शिकविले होते आणि वॉल यांना मज्जारज्जूने. दोघांच्या चर्चा वर्षानुवर्षे चालल्या. त्यांचा पहिला संयुक्त निबंध १९६२ साली आला, पण त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. मात्र १९ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधाने वैद्यकविश्वात खळबळ माजविली. गेट कंट्रोल थिअरी, म्हणजे द्वार-नियंत्रणाचा सिद्धान्त, या नावाने तो ओळखला जातो.

सिद्धान्त समजण्यास अवघड नाही. रांगते मूल पडले आणि गुडघ्याला लागले की आई त्या जागी हात चोळते. मूल शांत होते. हे केवळ मायेने होते असे नाही. शरीरातून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंमध्ये काही जाड असतात, तर काही अतिशय बारीक. स्पर्श आणि कंप यांचे संदेश जाड तंतूंतून सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतात. दीर्घ, ठणकणाऱ्या वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या संथपणे येतात. हे दोन्ही प्रवाह मज्जारज्जूच्या मागील बाजूस एका ठिकाणी पोहोचतात. तेथे जणू एक दार आहे. बारीक तंतूंचा जोर वाढला की दार उघडते आणि वेदना मेंदूकडे जाते. जाड तंतूंचा जोर वाढला की दार काहीसे लोटले जाते. या दाराला आणखी एक पहारेकरी असतो, तो म्हणजे खुद्द मेंदू. भीती, चिंता, लक्ष, पूर्वानुभव यांनुसार मेंदूकडून खाली येणारे संदेश ते दार उघडतात किंवा लोटतात.

अशा रीतीने, वेदना ही जखमेची यांत्रिक नोंद राहिली नाही. ती मज्जासंस्थेने प्रत्येक क्षणी घडविलेला अनुभव ठरली. जखम तीच असूनही एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त का दुखते, याचे शरीरक्रियाशास्त्रीय उत्तर प्रथमच पुढे आले. जखम दिसत नसतानाही दुखणे खरे असू शकते, हे मान्य करण्यास आता शास्त्राची हरकत उरली नव्हती.

सिद्धान्तावर टीकाही तितकीच कडाडून झाली. अनेक प्रयोगशाळांतील निष्कर्ष मूळ आराखड्याशी जुळेनात. मज्जारज्जूतील जोडण्या वॉल आणि मेलझॅक यांनी रेखाटल्या त्याप्रमाणे तंतोतंत नाहीत, हे पुढे स्पष्ट झाले. वॉल यांनी ते नाकारले नाही. १९७८ साली त्यांनी स्वतःच आपल्या सिद्धान्ताची फेरतपासणी करणारा निबंध लिहिला आणि कोणता भाग टिकतो, कोणता नाही, याची मांडणी केली. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशावर नियंत्रण असते आणि ते बदलता येते, हा गाभा मात्र टिकला. आजचे वेदनाशास्त्र त्याच गाभ्यावर उभे आहे.

दार जर जाड तंतूंनी लोटले जात असेल, तर त्या तंतूंना बाहेरून चेतविता येईल का, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. विजेच्या सौम्य स्पंदनांना जाड तंतू आधी प्रतिसाद देतात, हे ठाऊक होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मेंदूशल्यविशारद विल्यम स्वीट यांच्यासह वॉल यांनी प्रयोग आरंभला. रुग्णांवर प्रयोग करण्यापूर्वी दोघांनी आपल्याच चेहऱ्यावर, डोळ्याखालील मज्जातंतूजवळ सुई टोचून घेतली आणि तिच्यातून वीज सोडली. मुंग्या आल्या आणि त्या भागातील टोचणी जाणवेनाशी झाली. त्यानंतर त्वचेच्या तीव्र, जुनाट वेदनेने त्रस्त अशा आठ रुग्णांवर हा प्रयोग झाला. सेकंदाला १०० स्पंदने, प्रत्येक स्पंदन एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढे. वीज सुरू असताना एरवी स्पर्शही सहन न होणारी जागा दाबली तरी वेदना होईना. मज्जातंतूंचाच विकार असलेल्या चार रुग्णांना तर केवळ दोन मिनिटांच्या विजेनंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. जानेवारी १९६७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वेदनेवर विजेचा उपाय तसा नवा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने संधिवाताच्या रुग्णांना समुद्रकिनारी जिवंत विद्युतमाशावर पाय ठेवून उभे राहण्याचा सल्ला लिहून ठेवला आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेचे पट्टे आणि पेट्या विकणाऱ्या भोंदूंचा युरोप-अमेरिकेत सुळसुळाट झाला आणि ही पद्धत बदनाम झाली. वॉल आणि स्वीट यांच्या प्रयोगाने तिला प्रथमच शास्त्राचा आधार दिला.

त्याच वर्षी, १९६७ मध्ये, अमेरिकन मेंदूशल्यविशारद नॉर्मन शीली यांनी कर्करोगाने पीडित रुग्णाच्या मज्जारज्जूलगत इलेक्ट्रोड बसविला. द्वार-सिद्धान्तावरून सुचलेला हा पहिला रोपित उपकरणाचा उपचार होता. शस्त्रक्रियेपूर्वी कोणाला गुण येईल हे पडताळण्यासाठी शीली त्वचेवरून वीज देणारे साधे यंत्र वापरू लागले. तेव्हा असे आढळले की काही रुग्णांना तेवढ्यानेच पुरेसा आराम मिळतो आणि शस्त्रक्रियेची गरजच भासत नाही. चाचणीसाठी आणलेले यंत्र स्वतःच उपचार बनले. १९७० च्या दशकात खिशात मावणारी टेन्स यंत्रे तयार झाली आणि पुढे जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत पोहोचली. भारतात या शाखेचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले होते.

वॉल मात्र यंत्राच्या व्यापारात रमले नाहीत. १९६७ मध्ये ते मायदेशी परतले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधन करू लागले. डाव्या विचारांचे, अधिकाराला सहज मान न तुकविणारे आणि वादात रमणारे अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी एक कादंबरीही लिहिली. १९७३ पासून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाशीही त्यांचा संबंध जडला. त्याच वर्षीच्या युद्धात हातपाय गमावलेल्या इस्रायली सैनिकांच्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखती घेतल्या. इतकी भीषण इजा होऊनही त्या क्षणी वेदना जाणवली नाही, असे त्यांतील अनेकांचे सांगणे होते. कॅनडातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मेलझॅक, वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १३८ जखमींची विचारपूस केली. इजा झाली त्या वेळी वेदना नव्हती, असे त्यांपैकी ३७ टक्के जखमींनी सांगितले. हे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. जखम आणि वेदना यांचे गणित सरळ नाही, याचा हा आणखी एक पुरावा होता.

या साऱ्या कामात एक सूत्र होते. वेदनेचा पहिला आणि अखेरचा साक्षीदार रुग्ण स्वतःच असतो. क्ष-किरण चित्रात वेदना दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत ती मोजता येत नाही. म्हणून रुग्ण काय सांगतो, कोणत्या शब्दांत सांगतो, हे नोंदविणे हेच शास्त्र, अशी भूमिका दोघांनी घेतली. १९७३ साली डॉ. जॉन बोनिका यांच्या पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना आकाराला आली. तिच्या ‘पेन’ या नियतकालिकाचे वॉल हे संस्थापक संपादक झाले. जानेवारी १९७५ मध्ये पहिला अंक निघाला. वेदनेचे वर्णन रुग्णाच्याच शब्दांतून मोजणारी मेलझॅक यांची प्रश्नावलीही त्याच वर्षी त्यात प्रसिद्ध झाली. ठणकते, जळते, चमक मारते, या शब्दांतील फरक डॉक्टरांसाठी माहिती ठरला.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेकडे वॉल यांनी १९८० च्या दशकात विशेष लक्ष दिले. त्यांचे तरुण सहकारी क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली दाखवून दिले की, इजेनंतर मज्जारज्जूच्या पेशी स्वतःच अतिसंवेदनशील बनतात. दार एकदा सताड उघडले की ते लोटणे कठीण जाते. वूल्फ आणि वॉल यांच्या पुढील प्रयोगांत असे आढळले की, इजेनंतर ही अतिसंवेदनशीलता शमविण्यास मॉर्फिनची जेवढी मात्रा लागते, त्याहून कितीतरी कमी मात्रा आधी दिल्यास पुरते. यावरून १९८८ साली वॉल यांनी शस्त्रक्रियेनंतरची वेदना उद्भवण्यापूर्वीच रोखण्याचा विचार मांडला. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये आधी औषध देण्याचा लाभ प्रयोगशाळेइतका ठळक दिसला नाही. तथापि, भूल देण्यापासून घरी जाईपर्यंत वेगवेगळ्या मार्गांनी वेदनेला आवर घालण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर टेन्सचे स्थान नेमके येथेच आहे. ते औषधांना पर्याय नव्हे, जोड आहे. मॉर्फिनवर्गीय औषधांनी मळमळ, बद्धकोष्ठता आणि गुंगी येते. गुंगीतला रुग्ण उठून चालत नाही आणि चालला नाही की बरे होणे लांबते. औषधाची मात्रा थोडी जरी कमी झाली तरी लाभ होतो. २००३ साली नॉर्वेतील यान ब्यूर्डाल आणि सहकाऱ्यांनी विविध शस्त्रक्रियांवरील २१ चाचण्यांचा, एकूण १,३५० रुग्णांचा आढावा घेतला. टेन्स वापरलेल्या गटात वेदनाशामकांचा वापर सरासरी २६.५ टक्क्यांनी कमी आढळला. महत्त्वाचे असे की, मुंग्या ठळक पण सुसह्य वाटतील इतकी वीज जेथे दिली गेली, तेथे लाभ अधिक होता. जाणवेल न जाणवेल एवढ्या विजेने दार लोटले जात नाही.

पट्ट्या जखमेवर नव्हे तर तिच्या बाजूला, निरोगी त्वचेवर लावायच्या असतात. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे यंत्र वापरू नये. बधिर झालेल्या त्वचेवर ते लावू नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्राने लपवू नये अशीही वेदना असते. शस्त्रक्रियेनंतर पायातील शक्ती कमी होणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, ताप येणे किंवा जखमेतून पू येणे, यांपैकी काहीही घडल्यास बटण फिरवीत बसण्याऐवजी तातडीने शल्यविशारदाकडे जायला हवे.

महिनोन्‌महिने टिकणाऱ्या कंबरदुखीत मात्र टेन्सची बाजू लंगडी आहे. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी या यंत्राची शिफारस करण्यास नकार दिला. शस्त्रक्रिया होऊनही ज्यांच्या पायातील कळ थांबत नाही, अशा निवडक रुग्णांसाठी शीली यांच्या वाटेने आलेला दुसरा उपचार आहे. त्यात मज्जारज्जूलगत इलेक्ट्रोड आणि त्वचेखाली बॅटरी बसविली जाते. कॅनडातील भारतीय वंशाचे मेंदूशल्यविशारद कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखाली अशा १०० रुग्णांची चाचणी झाली. सहा महिन्यांनंतर, हा उपचार घेतलेल्या गटातील ४८ टक्के रुग्णांची पायातील वेदना निम्म्याने वा अधिक कमी झाली होती. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. ही चाचणी २००७ साली वॉल यांनी सुरू केलेल्या ‘पेन’मध्येच प्रसिद्ध झाली. मात्र २०२२ साली नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, उपकरण सुरू असताना आणि ते गुपचूप बंद ठेवले असताना रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत लक्षणीय फरक दिसला नाही. वाद अद्याप मिटलेला नाही. आपल्याच सिद्धान्ताची फेरतपासणी करणाऱ्या वॉल यांच्या परंपरेला हे साजेसेच आहे.

महाराष्ट्राने कण्याच्या दुखण्याचे एक उदाहरण डोळ्यांसमोर पाहिले आहे. आनंदवनाचे बाबा आमटे यांना कण्याच्या विकारामुळे अनेक वर्षे बसता येत नव्हते. झोपायचे किंवा उभे राहायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्याच अवस्थेत १९८५-८६ मध्ये ते कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रेत गेले. दुखत असूनही माणूस काम करू शकतो, याचा अर्थ त्याला दुखत नाही असा होत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळत होते. कळंबोलीच्या बाजारात शस्त्रक्रियेनंतर कामावर परतलेल्या माथाडी कामगारालाही हीच गोष्ट लागू आहे.

सन्मान वॉल यांच्याकडे उशिरा आले. १९८९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९९९ मध्ये त्यांना सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. मेलझॅक यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला वेदनाशास्त्राचा पाठ्यग्रंथ १९८४ पासून डॉक्टरांच्या पिढ्यांनी अभ्यासला. सामान्य वाचकांसाठीही दोघांनी लिहिले. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला व्यसन लागेल या भीतीने मॉर्फिन नाकारणे अन्यायाचे आहे, ही भूमिका त्यांनी आग्रहाने मांडली. भारतात असे औषध वैद्यकीय कारणासाठी मिळविणे सुलभ व्हावे म्हणून कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले.

१९९६ साली वॉल यांना पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ज्या विषयाचा आयुष्यभर बाहेरून अभ्यास केला, त्या विषयाच्या आत आता त्यांना शिरावे लागले. युनिव्हर्सिटी कॉलेजमधून निवृत्त झाल्यानंतर ते सेंट थॉमस रुग्णालयातील विभागात काम करीत होते. आजारपणातही ते काम सुटले नाही. निदानानंतर तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, वेदनेच्या शास्त्रावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ८ ऑगस्ट २००१ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी मेलझॅक यांनी २०१९ साली जगाचा निरोप घेतला.

वॉल यांनी वेदना संपविली नाही. तसा दावाही त्यांनी कधी केला नाही. त्यांच्या दाराचा आराखडा बदलला, यंत्रे बदलली, कोणत्या रुग्णाला कशाचा उपयोग होतो याचे निष्कर्षही बदलत राहतील. परंतु खाटेवरचा माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचा आणि मग कारण शोधायचे, हा क्रम त्यांनी वैद्यकाला लावून दिला. कळंबोलीतील एखाद्या खोलीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पाठीला पट्ट्या लावताना फिजिओथेरपिस्ट बटण हळूहळू फिरवितात आणि किती जाणवते ते रुग्णालाच विचारतात. वीज किती हवी, हे यंत्र ठरवीत नाही. ते रुग्णाच्या उत्तरावरून ठरते.